एकवीस फुटी बाई

कंटेनर अडकला न्हावाशेव्याले
म्हणून कंपनीचा माणूस पुसत पुसत
जागनाथ बुधवारीत आला, माझ्या दारात.
मोबाईलवर दाखवला बाईचा चेहरा.
म्हणे, नऊ दिवसांत पाहिजे. एकवीस फूट.
आणि पोटाले दार.

दार कायले?
म्हणे, ती त्याच्यातून निघते. दर गावात निघते.
मग मागं पुतळा पेटते, लोक रडतात.
अठ्ठेचाळीस शहरं झाली. तीन ठिकाणी बंदी.

मी तीस वर्षं बडगे बांधतो.
महागाईचा बांधला, डेंग्यूचा बांधला,
नळाले न येणाऱ्या पाण्याचा बांधला,
त्याले तोंड काय द्यावं सुचेना, तर तोटी दिली.
पण पोटात माणूस मावेल असा एकही नाही.
बडग्याच्या पोटात तणीस असते.

बांबू चिरून झाले. भाचा प्रज्योत कागद लावत होता,
तेवढ्यात पेपरात आलं:
जित्या बाईची चिता, गर्भाचा बाजार.
चौकाचौकात निवेदनं.
एक पुढारी, ज्याचा बडगा मीच बांधला होता दोन सालाखाली,
घरी येऊन म्हणते, दौलत, तू बी?

परवानगी आली तुकड्यातुकड्यानं.
आग नाही.
दहाच्या ठोक्याले आवाज बंद.
पोटावर पडदा.
मी बायकोचं जुनं जांभळं पातळ ठोकलं.

दुपारी ती आली पाहाले. वेस्परा.
फोटोपेक्षा बुटकी. टाचांले पट्ट्या. सर्दीनं नाक लाल.
माझी एक गाठ बोटानं दाबून पाहिली.
दुभाषी पोरगी, शाल्वी, म्हणे, त्या विचारतात, सुटणार तर नाही?
म्हटलं, जळते. सुटत नाही.
शाल्वीनं काय सांगितलं कोणाले ठाऊक,
बाई हसली,
मग पोटात जाऊन एकटीच बसली.
लय वेळ.
बाहेर फक्त नाक ओढल्याचा आवाज.

खेळ मी मागून पाहिला.
आगीच्या जागी नारंगी कापड, खाली चार पंखे.
पोरी तरी रडल्या.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मंडळाचे लोक आले.
यंदा हिचाच बडगा, संस्कृती बुडवणारीचा.
प्रज्योत म्हणे, मामा, नवीन कायले, उभीच तर आहे.
पैसे? घेतले ना. दुसऱ्यांदा घेतले.
गळ्यात पाटी तेवढी नवीन.

इतवारीतून निघाली.
घेऊन जा गे मारबत!
तीच पोट्टी, तसाच मोबाईल वर धरलेला.
पातळ अर्धं फाटलं,
पोटाचं दार आपोआप उघडे, आपोआप लागे,
आणि चप्पल उगारलेली माणसंही
जाता जाता एकदा
आत डोकावून पाहात.

पेटली तेव्हा मी पुढं होतो.
या खेपेले खरी आग. परवानगी कोणी पुसली नाही.
आधी केस गेले, मग खांदे.
गाठी शेवटपर्यंत राहिल्या, ते मात्र सांगतो.
बाई त्या वेळी कुठल्या विमानात होती, काय माहीत.

राखेत लोखंडी पायरी सापडली,
जिच्यावर ती बसली होती.
थंडी झाल्यावर घरी आणली, दाराशी ठेवली.
कोणी बसलं नाही अजून.
बायको रोज तिच्याकडे पाहाते,
मग माझ्याकडे.
म्हणते, आणि माझं पातळ?