भूखंड चारशे सतरा

घरांना पिवळा, खजुरीच्या बागांना हिरवा,
कारखान्याला जांभळा.
हे रंग मी ठरवले नाहीत. मी फक्त भरतो,
बहरैनच्या उत्तर किनाऱ्यावर, नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर,
अठरा वर्षं, एसीच्या झोताखाली स्वेटर घालून.

मंगळवारी फाइल आली.
भूखंड चारशे सतरा: हिरव्याचा जांभळा करावा.
वीजकेंद्र येतंय.
सोबत सवलतींचा तक्ता, सुबक, दोन पानी:
जमिनीचं भाडं तीस वर्षं माफ,
नगरपालिकेचं शुल्क माफ,
यंत्रांवरची जकात माफ,
समुद्राचं पाणी आत ओढायला फुकट,
गरम करून परत ओतायला
तेही फुकट.

आयजीच्या जिवावर बायजी उदार,
मी पुटपुटलो.
शेजारच्या वर्गीसनं विचारलं, काय म्हणालास?
आयजी कोण, बायजी कोण, सांगता सांगता
चहा निवला.

सुनावणीला खुर्च्या कमी पडल्या.
कंपनीचा माणूस म्हणाला, चारशे रोजगार.
शाळेत गणित शिकवणारी बतूल उठली:
बांधून झाल्यावर किती?
त्यानं पान उलटलं, परत उलटलं.
अडतीस.
माझ्या भावाच्या समोशाच्या गाड्याला, ती म्हणाली,
परवान्याचे पैसे भरावे लागतात. दर वर्षी. उशीर झाला तर दंड.
त्याला कुणी तक्ता करून दिला नाही.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं,
मग कुणीच हसलं नाही.

हाजी मक्की बसूनच बोलले, गुडघे धरून.
त्या जागेसमोर समुद्राच्या तळाशी गोडं पाणी होतं.
माझा बाप बुडी मारायचा, पखाल भरून वर यायचा.
झरा आटला तेव्हा
हरकती मागवल्या नव्हत्या कुणी.
आता मागवताय,
तर ही घ्या.

हरकतीच्या अर्जावर रकाना असतो: रहिवासी, मालक.
माझा रकाना नसतो.
मी व्हिसावरचा माणूस, ऑक्टोबरात नूतनीकरण,
हात दाखवून अवलक्षण कोण करील?
पण सल्लागारांनी पाठवलेल्या नकाशात
समुद्र नुसता निळा होता. कोराच.
हाजींचे हद्रे कुठेच नव्हते,
बाणाच्या टोकासारखे, काठ्यांचे, ओहोटीला उघडे पडणारे,
पाणी उतरलं की मासा आतच राहतो.

शुक्रवारी ओहोटीला मी गेलो,
पँट गुडघ्यापर्यंत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत.
हाजी पुढे, मी मागे, पायाखाली चिखल मऊ
आणि ओळखीचा.
आमच्या खाडीत डोल लावतात, मी सांगितलं.
तिथंही आता वीजकेंद्र? त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, पाय जपून टाका, शिंपले आहेत.
एक, दोन… सहा हद्रे.
सहांचे अक्षांश-रेखांश मनगटावर बॉलपेननं लिहिले,
घामानं पाचव्याचा एक आकडा पुसला.
परत जावं लागलं.

रविवारी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
हे काय, मूळ नकाशात नव्हतं.
समुद्रात होतं, मी म्हणालो.
ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
त्यांचे आजोबाही त्याच गावचे, हे मला मागाहून कळलं.

निर्णय पुढच्या बैठकीत. मग त्याच्या पुढच्या.
चारशे सतरा अजून हिरवा आहे,
निदान माझ्या संगणकावर तरी.
जांभळा एका टिचकीच्या अंतरावर,
आणि टिचकी मारायचं बोट माझंच.

काल खाली काउंटरवर पुडकं ठेवलेलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार साफी मासे, अजून ओले.
शिपायाकडे निरोप:
लाच नाही म्हणावं,
काटे फार आहेत.