चौदा ळ

समीक्षक लिहितात, माझं गद्य संयत आहे.
संयत कसलं,
गफूरमियाँच्या केसमध्ये ळचे खिळे चौदाच होते.

परभणीत, मोंढ्यामागच्या गल्लीत, आमचं चार पानी दैनिक.
खाली ट्रेडल, वर टेबलं, जिन्यात सरकीच्या पोत्यांचा वास.
मी वीस वर्षांचा. इंचाला साठ पैसे.
पहिल्याच आठवड्यात लिहिलं,
"सोन्यासारख्या ज्वारीच्या राशींनी आवार उजळून निघाले."
कुंडलवाडीकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"पोतं कितीला गेलं?"
माहीत नव्हतं.
"मग उजळलं काय? जा, विचारून ये."
भर उन्हात गेलो, विचारून आलो.
क्विंटलचा तो भाव मला अजून पाठ आहे.
स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतो.

तर ळ.
चौथ्या पानापर्यंत ते संपायचे.
खालून हाक यायची, "मास्टर, ळ खतम. दुसरा लफ्ज देओ."
सकाळीचं पहाटे व्हायचं, शाळेचं विद्यालय.
काळ्याचं सावळं करून भागायचं नाही.
सगळ्यात आधी गेलं 'मुळे'.
त्यामुळे, यामुळे, कशामुळे,
एकेक ळ खाणारे शब्द. कारणं छापणं परवडेना.
मी लिहू लागलो: हे झालं. मग ते झालं.
मध्ये पूर्णविराम. पूर्णविराम गफूरमियाँकडे वाटीभर होते.

त्या साली दुष्काळ होता. आम्ही टंचाई छापलं.
कलेक्टर कचेरीही टंचाईच म्हणायची.
त्यांच्याकडे खिळे भरपूर होते.

मार्चमध्ये सेलू रस्त्यावरच्या एका गावात
विहिरीत बाई सापडली.
पाय घसरून, म्हणाला जमादार.
काठावर चपला होत्या, शेजारी शेजारी,
देवळाबाहेर काढतो तशा.
मी चपला लिहिल्या, आणि चपलांवर अर्धं पान.
कुंडलवाडीकरांनी अर्धं पान खोडलं.
"चपला पुरेत," म्हणाले. पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.
रात्री बियाण्यांची जाहिरात आली.
बातमी शेपटाकडून कापतात. चपला शेपटात होत्या.
उरल्या तीन ओळी, आणि नाव: तुलसाबाई.

चौथ्या दिवशी तिचा मुलगा आला,
सातवी-आठवीतला, सायकलवरून,
अंक घडी करून शर्टाच्या आत.
"मायचं नाव तुळसा व्हतं."
ओरडला नाही. फळ्यावरची चूक दाखवावी
तसं नावावर बोट ठेवून उभा राहिला.
मी कुंडलवाडीकरांकडे बघितलं, ते खिडकीकडे.
गफूरमियाँनी खणात हात घातला,
एक ळ काढला, कुडत्याला पुसला,
पोराच्या हातावर ठेवला.
"हे उलटं हाय."
"छपता तो सीधा होता है, बेटा."
त्यानं मूठ मिटली. सायकल चालवताना ती उघडली की नाही,
मी जिन्यातून बघत होतो, दिसलं नाही.

शुद्धिपत्र दिलं नाही आम्ही.
दुसऱ्या दिवसापासून तेरा.

आता संगणकावर ळ हवे तेवढे आहेत.
तरी 'मुळे' लिहिताना बोट अडतं.
माझ्या कादंबऱ्यांत माणसं का वागतात ते कळत नाही,
अशी तक्रार आहे. रास्त आहे.
मी चपला ठेवतो आणि मागे सरतो.

आणि प्रत्येक पुस्तकात एक बाई असते,
एका वाक्यापुरती. उंबऱ्यात उभी,
किंवा गहू निवडत, किंवा नुसती कुणाला हाक मारत.
कथानकात तिचं काही काम नाही.
तुळसा, असं पूर्ण नाव येतं.
प्रकाशक दर वेळी पेन्सिलीनं खूण करतो,
हे वाक्य काढू या का?
नको, म्हणतो मी. राहू द्या तेवढं.
कशामुळे? तो विचारतो.

चांगला शब्द आहे.
एक ळ जातो त्यात.