म्हणे

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही यंत्राला वाचायला बसवतो.
सकाळी आठला मजकूर ओततो,
जात्यात वैरण घालावी तसा,
संध्याकाळपर्यंत पीठ पडतं:
कोण, कुणाचं, काय.
तीन रकाने, आणि चौथ्यात खात्री, शंभरपैकी.

मनामा – राजधानी – बहारीन. नव्याण्णव.
मोती – सापडतो – शिंपल्यात. सत्त्याण्णव.
समुद्राचं पाणी – असतं – खारट.
इथे ते शंभरच देऊ बघतं,
मी एक काढून घेते.
पैकीच्या पैकी कुणालाच द्यायचे नाहीत,
शाळेतल्या घाटेबाईंचा नियम.

पहिल्याच आठवड्यात मी गाळायच्या शब्दांची यादी केली होती:
आणि, तर, बरं का, वगैरे, म्हणे.
कोंडा सगळा.

मंगळवारी एक ओळ अडकली.
‘बहारीनला समुद्राच्या तळाशी गोड पाण्याचे झरे आहेत म्हणे.’
यंत्राने म्हणे झटकला,
उरलेलं वाक्य खाऱ्याच्या अठ्ठेचाळीस हजार साक्षींपुढे
एकटं उभं केलं
आणि दिले चार.
लाल चौकट. नाकारावे?

मीही नाकारणारच होते.
हबीबा परकार, शेजारच्या टेबलावर अरबी बघते,
दाभोळच्या हेलात म्हणाली,
अगो, खाली बू जासिमला तरी विचार.

बू जासिम दोरखंड विकतो, होडीचा रंग विकतो.
त्याने मान वर केली नाही, हातांनीच दाखवलं:
आजोबा, कातडी पखाल,
तोंड घट्ट आवळून बुडी,
झऱ्यावर सोडायचं, भरलं की पुन्हा आवळायचं,
वर.
मोत्यांच्या मोसमात सगळी होडी तेच प्यायची.
कुठे, विचारलं.
त्याने रस्त्यापलीकडे बोट केलं,
भराव घातलेल्या समुद्रावर, चार मजली पार्किंगवर.
तुम्ही प्यायलात?
मी कुठला. आजोबा सांगायचे.

म्हणजे म्हणे.

वर येऊन यादीतला तो एक शब्द खोडला.
पण यंत्राला सांगायचं कसं?
शंका म्हणावी तर पखालीचा आवळलेला गळा
मी आत्ताच त्याच्या मुठीत पाहिला.
पुरावा म्हणावा तर तिथे गाड्या उभ्या आहेत.
शेवटी पाचवा रकाना आखला: कुणाच्या तोंडून.

रात्रभर त्याने सगळं पुन्हा वाचलं.
सकाळी अकरा हजार ओळींत
पाचवा रकाना रिकामा.
हबीबा एकीपाशी थांबली, दाभोळच्या एका गलबताबद्दलची,
फुटलं म्हणे, माणसं वाचली म्हणे.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग चहा घ्यायला गेली.

मी झऱ्यांची ओळ उघडली. टाइप केलं:
बू जासिम, दोरखंडवाले, आजोबांकडून.
यंत्राने विचारलं, हा स्रोत नोंदीत नाही, घ्यावा का?
हो.

चाराचे नऊ झाले.
मी बाटली उघडून दोन घोट घेतले.
समुद्रच तो, कारखान्यात गोड केलेला.