सर्व काळ

कन्ना चौकात माझं दुकान, सहा बाय आठ.
वरच्या मजल्यावर टॉवेलचे माग,
त्यांच्या धडधडीनं काउंटरवरचे बारके स्क्रू
दिवसभर आपापले सरकत राहतात,
म्हणून चुंबकावर ठेवतो मी त्यांना.

दुपारी तीनला विडी घरकुलातून
भूदेवी येमूल आली.
"इरेश, माझी फोन पुसून दे, नायना.
बाहेरून नको. आतून."
बाहेरून तिनं पुसलेलाच होता,
कव्हरला तेवढा जर्द्याचा वास.
"लावण्याला द्यायचंय. हैदराबादला चाललीय, नर्सिंगला."

"सगळंच उडवू? फोटो, नंबर?"
"फोटो राहू दे.
मी विचारलेलं पुस."

अम्माला लिहिता येत नाही.
नातीनं एकदा माइकचं चिन्ह दाखवलं,
तेवढं एक बोटाखाली पक्कं धरलं होतं तिनं.

पुसायला वाचावं लागत नाही,
एक बोट, एक "हो", संपलं.
मी बोट उचललंच होतं.
"थांब की जरा. आधी वाच.
माझं बोलणं लिहून कसं दिसतंय,
बघितलंच नाही कधी."

मी वाचायला लागलो.

व्हिडिओ बघून हात दुखतो उपाय
"विडी," ती म्हणाली. "विडी वळून, म्हटलं होतं मी.
व्हिडिओ बघायला वेळ कुणाला आहे?"
हाताचा जर्द्याचा वास लिंबानं जातो काय
"नाही जात," तिनंच उत्तर दिलं.
होस्टेलचं दार रात्री किती वाजता लावतात
नापास झाली तर फी परत देतात काय
मुलगी लांब गेली की घरातली भाषा विसरते काय

दर ओळीला "हं" म्हणायची,
कारखान्यात चेकर कट्टे बघतो तशी,
हे चालेल, हे छाट.

डाव्या काखेत गाठ दुखत नाही
रात्री दोन दहा.
डाव्या काखेत गाठ दुखत नाही
रात्री तीन.
डाव्या काखेत गाव दुखत नाही
पहाटे. त्याच आठवड्यात
आणखी चारदा.

याला "हं" आलं नाही.
मीही पुढचं मनातल्या मनात वाचलं.

"सिव्हिलला दाखवून या, अम्मा."
"फी भरलीय," ती म्हणाली.
"तसं नाही, गाठीचं म्हणतोय."
"फी भरलीय, नायना. कळलं तर जाईल काय ती?"

फोन विचारत होता:
मागचा तास, मागचे सात दिवस,
मागचे चार आठवडे, सर्व काळ.
मी तिला चारही वाचून दाखवले.
"शेवटचं," ती म्हणाली.

पांढरं झालं. पडदा तिच्यासमोर धरला.
ती वाकून बराच वेळ बघत राहिली,
जणू पांढऱ्यातलं तिला वाचता येत होतं.

दहाची नोट काढली. मी नको म्हणालो.
"घे. आणि बिल दे.
कार्डावर चढलं नाही तर
हजार वळल्याचं मानतंय कोण?"

लिहिलं:
सर्च हिस्ट्री पुसणे, रुपये दहा.
मग कागद उलटा केला.
सिव्हिल, ओपीडी, सकाळी लवकर,
केसपेपर काढणे, डावी काख,
एवढं लिहून झाल्यावर ध्यानात आलं
की हे तिला वाचता येणार नाही
आणि तिच्या घरात वाचणारी
एकच आहे.

वर माग थांबले. लाइट गेली असावी.
एवढ्या शांततेत पेनाचा आवाज होतो
हे मला ठाऊक नव्हतं.

"मागं काय लिहिलास?"
"दुकानाचा नंबर," मी म्हणालो,
आणि काख हा शब्द
पुन्हा एकदा गिरवून
जरा मोठा केला.