चोवीसशे मीटर

लाहोटीशेठनं बाटली माझ्या टेबलावर ठेवली,
उगवण-चाचणीच्या ट्रेशेजारी.
"अर्जेंटिनावाल्यानं दिली. आमच्यात चालत नाही.
तुझ्या वडिलांची द्राक्षबाग आहे ना?"
आणि गेले. जणू द्राक्षबाग असली
की घरात हे सगळं चालतंच.

जालन्याहून कडवंचीपर्यंत ती माझ्या मांडीवर,
ओढणीत गुंडाळलेली.
शेजारच्या बाईनं विचारलं, "औषध का?"
"हाव," मी म्हटलं, "फवारणीचं."

घरी बूच निघेना.
दादांनी छाटणीची कात्री लावून पाहिली, पाना पाहिला,
शेवटी ठिबकच्या नळीला भोकं पाडायचा सामता घेऊन
बूच आतच ढकललं.
ते तरंगत राहिलं
शेततळ्यात पडलेल्या एकट्या चपलेसारखं.

लेबलवर एक बोडका डोंगर, खाली आकडा.
मी वाचलं : चोवीसशे मीटर. समुद्रापासून.
"कळसूबाई किती?"
सोळाशे सेहेचाळीस.
"म्हंजी कळसूबाईच्या डोस्क्यावर
आणखी अर्धी कळसूबाई. तिथं पाणी कोण चढवतं?"
चढवत नाहीत दादा, वरूनच येतं. बर्फाचं.
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्टीलच्या पेल्यात रंग दिसेना,
म्हणून त्यांनी बशीत ओतली, चहासारखी.
सवयीनं फुंकरही मारली
आणि फुर्र करून ओढली.
(ही चव बघायची खरी रीत असते
हे मला फार नंतर कळलं.)

माय उंबऱ्यातून : "काय लागतंय?"
"आधी जांभूळ.
मग चिंचोक्याचं टरफल.
मग जीभ अशी होते, पेरूचं पान चावल्यावानी."
पुन्हा एक घोट, डोळे मिटून.
"हिला तहानेली ठेवलीय, कावेरे.
मुद्दाम. मण्यात पाणी उतरू दिलं नाही.
ऊन जवळचं, रात्र गार, साल जाड."

ते उठले, खुंटीवरची मापाची रिंग घेऊन आले,
अठरा मिलिमीटरची.
आमचे घड औषधात बुडवलेले, कागदात झाकलेले,
मणी फुगून या रिंगेत अडकला तरच पास.
दादांनी रिंग बाटलीसमोर धरली.
"यांचे सगळे खाली पडले असते."

लेबलवर सालही होतं. दोन हजार सोळा.

आम्ही तिघांनीही ते एकदमच वाचलं असावं.
त्या साली टँकरनं आम्ही वेल जगवले, फक्त वेल.
कडेच्या चार ओळी काळ्या शरदच्या,
त्यांना हरभऱ्याएवढे मणी लागले.
व्यापाऱ्यानं गाडीतून उतरूनसुद्धा पाहिलं नाही.
माय म्हणाली होती, गोड आहेत, पण तोंड आवळतंय.
मग शेळ्यांनी खाल्ले.

"तिथं तोडणी कधी?"
फाल्गुनात. आपल्याबरोबरच.
फक्त तिथं तेव्हा उन्हाळा संपत असतो.
"अन् आपला लागतो," दादा म्हणाले,
आणि का कोण जाणे, खूप हसले.
"वेलाला काय कळतंय, कुठं उभा हाय ते."
नशा नव्हती. दोन बशांत कसली नशा.
बाहेर पौषाची थंडी, कुत्री,
आणि लांब जालन्याच्या बाजूला
भट्ट्यांचा लाल उजेड आभाळाला लागलेला.

सकाळी बागेत गेले
तर कडेच्या ओळीचा कॉक बंद.
एकाच ओळीचा.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

माय राखेनं बशी घासत होती.
काठाला जांभळी रेघ राहिलीच.
त्याच बशीत तिनं मला चहा ओतून दिला.