रेघेपर्यंत पाणी

बाटली बोटाएवढी. तळाशी चिमूटभर पूड,
अंगावर एक रेघ.
रेघेपर्यंत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं,
दोन दिवस उबेला ठेवायची.
खानापूरच्या प्रशिक्षणात एवढंच शिकवलं,
वर चहा आणि उप्पीट.

ऊब म्हणजे कुठं, ते काही सांगितलं नाही.
शुक्रवारी मी तांदळाच्या कणगीत ठेवल्या,
दोन बाटल्या, फडक्यात गुंडाळून,
कोंबडीखाली अंडी ठेवावीत तशा.
एक वरच्या झऱ्याची, जिथं गवे उतरतात.
एक धबधब्याखालची,
जिथनं आमच्या नळाचा पाइप निघतो.

मग शनिवार आला, रविवार आला.
गोव्याच्या गाड्या, हुबळीच्या गाड्या,
बेळगावची पोरं एका मोटरसायकलीवर तिघं.
मष्णू भावोजींनी भज्यांची कढई चढवली,
लुमाण्णा पार्किंगच्या पावत्या फाडत राहिला.
मीही बसले, खोटं कशाला बोलू.
जांबोटीहून आणलेलं पाणी, दोन खोकी,
बाटली वीस रुपये.
एकानं विचारलं, थंड आहे ना?
त्याच्या पाठीमागं अख्खा डोंगर पाणी ओतत होता
आणि मी सुटे शोधत होते.

डोहात शाम्पूचा फेस फिरत होता,
जात्याकडंनं पीठ सांडावं तसा काठाला साचत.
एका बाईनं लेकराचं डायपर
दगडाआड नीट, घडी करून ठेवलं,
वर दोन पानं झाकली.
माझ्याकडं बघून ओशाळं हसली.
मीही हसले.
लेकरू गोड होतं.

रात्री पैसे मोजून झाले, मग कणगीत हात घातला.
वरची बाटली होती तशी, पिवळट.
खालची काळी.
चुलीमागची भिंत असते तशी काळी.
सासूबाई म्हणाल्या, काय बघूलालीस गे एवढं?
मी बल्बासमोर धरली.
पंधरा दिवसांत गल्लीतली चार पोरं सलाईनवर होती,
आम्ही फणसाला दोष देत होतो.

रवळनाथाच्या देवळात बैठक.
भरमाण्णा म्हणाले, गाड्या बंद.
मष्णू भावोजी म्हणाले, मग पोरीची फी
धबधब्यातनं पडंल काय?
दोघंही खरं बोलत होते,
म्हणून तर भांडण लांबलं.
शेवटी ठरलं : डोहात कुणी उतरायचं नाही,
अंघोळ खालच्या वळणाला, साबणाशिवाय.
आपला कचरा परत आणून दाखवला
तर पार्किंगमधले दहा परत.
पाइप वर न्यायचा, पाऊण किलोमीटर, आपल्याच हातांनी.
आणि वाटेवर एक बोर्ड.

बोर्डावर गाडी अडली.
वर कन्नड की वर मराठी?
अकरा वाजले. कुणीतरी आजोबांच्या काळापासनं सुरुवात केली.
रंगाचा डबा उघडाच,
त्यावर साय धरलेली.

गवळीवाड्यावरची ठकूबाई तोवर गप्प होती.
तिला दोन्ही वाचता येत नाहीत.
म्हणाली, ती बाटली दे बघू इकडं.
काळी बाटली तिनं हातात फिरवली, हुंगायला गेली,
मी म्हटलं, बूच काढू नको गे.
तिनं विचारलं, हे आमच्या म्हशी पितात ते काय?
मी म्हटलं, आम्हीसुद्धा.

वाटेवरची फळी अजून कोरी आहे.
खिळ्याला तारेनं दोन बाटल्या टांगल्यात,
दर पंधरवड्याला मी बदलते.
लोक थांबतात, हे काय म्हणून विचारतात,
मग जो जवळ असेल तो सांगतो,
त्याला येईल त्या भाषेत.
काही जण ऐकतात. काही जण फोटो काढून
सरळ डोहात उडी मारतात.

या खेपेला खालची काळी व्हायला दीड दिवस लागला.
आधी एका रात्रीत व्हायची.
पाइप वर गेला, आमचं पाणी आता झऱ्याचं,
तरी खालची भरायची सोडवत नाही.
तो ओढा पुढं घाट उतरतो,
तिकडली गावं गोव्याची.
तिथंही कणगी असतील.