होय किंवा नाही

शाळेतून आलेला कागद कानडीत.
मला त्यातले दोन रिकामे चौकोन तेवढे कळले.

वडगावात माग थांबतात रात्री दहाला,
कानात मात्र बराच वेळ तीच खटखट.
त्यातच मालू म्हणाली, थोरल्या जावेच्या पोराला
सुई दिली, तर तीन दिवस ताप.
मी म्हटलं, आणि गोवर आला तर?
ती गप्प. गोवरात गेलेल्या तिच्या भावाचं
नाव आमच्या घरात निघत नाही.

शेवटी भावेश्वरीलाच उठवलं. नऊ वर्षांची.
डोळे चोळत, बोट ठेवून वाचू लागली:
"ज्वर, म्हणजे ताप. येऊ शकतो.
दंड दुखेल."
एका ओळीवर बोट थांबलं.
"ह्याच्या पुढचं अजून शिकवलं नाही आम्हाला."

खरं की खोटं, कुणास ठाऊक.
मालू कागद घेऊन खाली उतरली.
गंगव्वाच्या दारातला दिवा चालू होता.
बराच वेळ लागला.

वर आली ती गंगव्वाचं पेन घेऊनच.
काय होतं गं त्या ओळीत?
"सही करा," म्हणाली.
"मराठीत केली तरी चालतंय म्हणे."

पोरगी केव्हाच झोपली होती,
डावा दंड उजव्या हातानं झाकून.